ग्लोव्हज घातले की शिंका येतात

मुलुंड (पूर्व)

चि. अदिती,


ग्लोव्हज घातले की हात खाजतात आणि आता शिंकाही येतात, असं तू फोनवर म्हणालीस. वॉर्डातल्या मुली ॲलर्जीवरची एव्हिलची गोळी घेऊन ड्युटी रेटतात, हेही सांगितलंस. तू तसं करू नकोस.

हात नुसते कोरडे पडून चिरत असतील, तर ते सतत धुण्याने आणि घामाने. पुरळ एक-दोन दिवसांनी येत असेल, तर बहुधा रबर बनवताना घातलेल्या रसायनांमुळे; ती नायट्राइलच्या ग्लोव्हजमध्येही असू शकतात. पण काही मिनिटांत गांधी उठणं, नाक गळणं, छाती भरून येणं ही रबराच्या चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, आणि ती जिवावर बेतते. म्हणून तुझ्या शिंकांनी मी धास्तावले. तपासणी करून निदान लेखी घे. तोंडी सांगितलेलं इनचार्ज सिस्टर बदलल्या की विसरलं जातं.

आमच्या काळी ओटीतले वापरलेले ग्लोव्हज धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा ऑटोक्लेव्हला जायचे. त्या पावडरीला प्रथिनं चिकटतात आणि श्वासावाटे आत जातात. अमेरिकेने पावडरचे ग्लोव्हज २०१७ साली बंद केले, त्यात हेही एक कारण होतं. त्यामुळे तू एकटीने नायट्राइल घालून भागणार नाही; शेजारची पावडरचेच घालत असेल तर त्रास तुलाच. मेट्रनना अर्ज दे, सगळ्या वॉर्डासाठी बिनपावडरचे माग. भीड बाळगू नकोस. ऑपरेशनमध्ये रबरी हातमोजे आले तेच एका सिस्टरच्या हातांसाठी. बाल्टिमोरच्या कॅरोलाइन हॅम्प्टनचे हात जंतुनाशकाने सोलवटले, तेव्हा डॉ. हॉलस्टेड यांनी १८९० च्या सुमारास ते खास बनवून घेतले.

आता पेशंटचं. औषधाची ॲलर्जी आपण विचारतो, रबराची क्वचितच. फुगा फुगवताना ओठ सुजतात का, दात काढताना त्रास झाला होता का, केळं, पपई किंवा किवी खाल्लं की तोंड खाजतं का, एवढं विचार. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या, वारंवार ऑपरेशन आणि कॅथेटर झालेल्या मुलांच्या आयांना तर नक्कीच विचार. या मुलांना धोका सर्वांत जास्त. उत्तर 'हो' आलं तर केसपेपरवर लाल अक्षरात लिही आणि ओटीला आदल्या दिवशीच कळव. अशी केस लिस्टमध्ये पहिली घ्यायची, कारण रात्रीतून हवेतली पावडर खाली बसलेली असते. ग्लोव्हज बदलून फोलीज कॅथेटर, टूर्निकेट, ड्रेन, पलंगावरचा मॅकिन्टॉश रबराचेच ठेवले, तर उपयोग नाही. फोलीज पूर्ण सिलिकॉनचा माग. नुसता सिलिकॉनचा थर दिलेला आतून रबराचाच असतो.

आणि पेशंटला श्वास लागला, बीपी कोसळलं, तर रबर दूर करून लगेच डॉक्टरांना बोलव आणि ॲड्रेनलिन तयार ठेव. ते मांडीच्या स्नायूत द्यायचं. एव्हिल त्याची जागा घेऊ शकत नाही. ड्युटी घेतानाच क्रॅश ट्रॉलीत ॲम्प्युल आहे का ते बघत जा.

नाइट लागण्याआधी स्किन ओपीडीत दाखव आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
आत्या