सायकलीचा दिवा

पहाटेचे पाच वाजलेले असतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर अजून काळोख असतो. वृत्तपत्रांचा गठ्ठा मागच्या कॅरिअरला बांधून एक मुलगा सायकलीवरून निघालेला आहे. समोरून दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल घेऊन एक गवळी येत आहे. मुलाच्या सायकलीला नवा, लखलखीत दिवा आहे. गवळ्याच्या सायकलीला दिवाच नाही. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर दोघांची गाठ पडते. मुलाच्या दिव्याचा झोत थेट गवळ्याच्या डोळ्यांवर येतो आणि त्याला क्षणभर काहीच दिसेनासे होते. पुलाचा कठडा कोठे आहे आणि रस्त्याची कड कोठे आहे, हेही त्याला कळत नाही. तो घाईघाईने पाय टेकतो, म्हणून अनर्थ टळतो. थोडे दूध सांडते, एवढ्यावरच निभावते.

या प्रसंगात चूक कोणाची? दिवा नसणाऱ्याची, की दिवा असणाऱ्याची? नीट विचार केला, तर दोघांचीही. अंधारात बिनदिव्याने हिंडणे हा जसा दोष आहे, तसाच जवळचा दिवा नीट न वापरणे हाही दोष आहे.

सायकलीला दिवा लावण्याची रीत फार जुनी आहे. आरंभी लोक हँडलापुढे रॉकेलचा लहानसा दिवा अडकवीत. वारा जोराचा आला, की तो विझे. पुढे कार्बाइडचा दिवा आला. त्यात कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडत, त्यातून ॲसिटिलीन नावाचा वायू निघे आणि तो पेटवला, की पांढरी, तेजस्वी ज्योत मिळे. त्यानंतर डायनॅमो आला. चाकाच्या टायरला घासून तो फिरे व त्यातून वीज निर्माण होई. परंतु सायकल थांबली, की दिवाही मालवे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तेथे रात्री बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत आणि त्याला दंड भरावा लागे.

आजच्या दिव्यांनी हे सारे मागे टाकले आहे. हे दिवे दोन शोधांतून जन्मास आले. पहिला शोध एलईडीचा. निळा प्रकाश देणाऱ्या प्रखर एलईडीचा शोध जपानमध्ये जन्मलेल्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी लावला व त्याबद्दल त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर दिला, की दोन्ही प्रकाश मिसळून पांढरा उजेड मिळतो. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. ही बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करता येते. १९९१ साली ती प्रथम जपानमध्ये बाजारात आली. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दिव्याचा उजेड ल्यूमेन या एककात मोजतात. साध्या मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्यूमेन असतो. सायकलीचे कित्येक दिवे ६०० ल्यूमेनचे असतात. याचा अर्थ, पन्नास मेणबत्त्यांचा उजेड एका मुठीएवढ्या दिव्यात कोंडलेला असतो, आणि तोही चहूकडे न पसरता एकाच दिशेला जातो. एवढा उजेड कोणाच्या डोळ्यांवर पडला, तर त्याचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको. अंधाराला सरावलेले डोळे प्रखर उजेडाने एका क्षणात दिपतात. मात्र अंधाराला पुन्हा पुरते सरावण्यास त्यांना अर्धा तास लागू शकतो.

म्हणून पुढचा दिवा नेहमी किंचित खाली झुकवलेला असावा. तो किती झुकवावा, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. सायकल भिंतीपासून पाच मीटर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभी करावी. दिवा जमिनीपासून जितका उंच असेल, त्याच्या निम्म्या उंचीवर झोताचा मध्य भिंतीवर पडला पाहिजे. पाच मीटरांत झोत निम्मा खाली आला, तर पुढच्या पाच मीटरांत तो पुरता खाली येईल. म्हणजे सायकलीपुढे दहा मीटरांवर तो रस्त्याला टेकेल. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा त्रास होणार नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे चार मीटर जाते. दहा मीटर जाण्यास तिला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात खड्डा दिसून ब्रेक लागला पाहिजे. याहून अधिक वेगाने जावयाचे, तर दूरवर दिसणे भाग आहे. पण अंधारात वेग कमी ठेवणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात झोत मंद ठेवावा. गावाबाहेर समोर कोणी नसताना तो वाढवावा आणि कोणी येताना दिसताच पुन्हा मंद करावा. पुढे पांढरा व मागे तांबडा, ही रंगांची रीत कधीही मोडू नये. दूरच्या वाहनचालकाला अंधारात सायकल दिसत नाही, केवळ एक ठिपका दिसतो. ठिपका पांढरा असेल, तर कोणी समोरून येत आहे. तांबडा असेल, तर पुढे कोणी चालले आहे, असे तो ताडतो. हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, रात्रीचे मालट्रक आणि एसटीच्या गाड्या यांच्या रस्त्यावर मागचा तांबडा दिवा पुढच्या दिव्याहून कमी महत्त्वाचा नाही. पुढच्या दिव्याने स्वाराला रस्ता दिसतो. मागच्या दिव्यामुळे स्वार इतरांना दिसतो.

आता या दिव्याच्या पोटातील बॅटरीचा विचार करू. तिच्या आत पुष्कळदा सुमारे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा, बोटाएवढा सेल असतो. त्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. एक ॲल्युमिनियमची, तिच्यावर लिथियमच्या संयुगाचा लेप. दुसरी तांब्याची, तिच्यावर ग्राफाइटचा लेप. दोहोंच्या मध्ये सूक्ष्म छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा पडदा ठेवून हे सारे वळकटीसारखे गुंडाळलेले असते व त्यात एक द्रव भरलेला असतो. सेल चार्ज होताना लिथियमचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, त्या द्रवातून ग्राफाइटकडे जातात. दिवा लागला, की ते माघारी येतात. ही ये-जा शेकडो वेळा चालू शकते.

या सेलचे बळ जेथे आहे, तेथेच त्याचा धोकाही आहे. मधला पडदा केसाहूनही पातळ असतो आणि आतील द्रव पेट घेणारा असतो. सेल चेपला, टोचला गेला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला, की पडदा निकामी होऊ शकतो. मग दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, सेल तापतो, आणि त्या उष्णतेने आतील द्रव्ये फुटून आणखी उष्णता निर्माण होते. असे होता होता तो भडकतो. हे घडण्यास कित्येकदा काही सेकंदच पुरतात. लाखो सेल रोज निर्धोकपणे काम करतात, हे खरे. परंतु ते निर्धोक राहतात, ते काही साधे नियम पाळल्यामुळेच.

पहिला नियम खरेदीचा. भारतात अशा सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक ठरवलेले आहे. मानकाची खूण व निर्मात्याचे नाव असलेली वस्तूच घ्यावी. वर सांगितलेल्या आकाराच्या उत्तम सेलमध्येही साडेतीन ते चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या पलीकडे विद्युत्भार सहसा मावत नाही. तेवढ्याच सेलवर ९,९०० असा आकडा छापलेला दिसला, तर तो खोटा आहे असे समजावे. जो आकड्यात फसवतो, तो आतील पडद्यातही फसवणार नाही कशावरून?

दुसरा नियम चार्ज करण्याचा. असा एक सेल पूर्ण भरला, की त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. दोन सेल ओळीने जोडलेले असतील, तर ८.४ व्होल्ट. काही दिव्यांच्या चार्जरांची टोके दिसण्यात सारखीच असतात. दोन सेलांचा चार्जर एका सेलाला जोडला गेला, तर धोका ओढवू शकतो. टोक बसते म्हणून चार्जर चालतो, असे मुळीच समजू नये. ज्या दिव्याचा चार्जर त्यालाच वापरावा. दिवा गादीवर, उशीजवळ किंवा कागदांच्या ढिगावर ठेवून चार्ज करू नये. उघड्या फरशीवर, कोणी जागे असताना तो चार्ज करावा व भरताच काढून घ्यावा. पावसात भिजलेला दिवा पुसून, पुरता वाळवूनच चार्जरला लावावा.

तिसरा नियम जपणुकीचा. वैशाखाच्या उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवर दिवा ठेवू नये. तो काढून सावलीत न्यावा. सुटा सेल किल्ल्या व नाणी यांच्यासह खिशात टाकू नये; धातूने त्याची दोन्ही टोके जोडली गेली, तर तो क्षणात तापतो. बरेच दिवस वापरावयाचा नसेल, तर सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण रिता करून ठेवू नये. साधारण अर्धा भरलेला असावा. सेल फुगला, चेपला, विनाकारण तापू लागला किंवा त्याला चमत्कारिक वास येऊ लागला, तर त्याचा वापर तत्काळ थांबवावा, तो पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे. आत काय आहे हे पाहण्यासाठी त्याला टोचू नये, फोडू नये, विस्तवात टाकू नये. धूर निघू लागला, तर दिवा वाचवण्याचा मोह सोडावा. तो धूर विषारी असतो. घरातील सर्वांना हाका मारून बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

शेवटचा नियम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. निकामी सेल घरच्या कचऱ्यात टाकला, की तो घंटागाडीत जातो. तेथे कचरा दाबला जातो, सेल चिरडतो आणि आग लागू शकते. ज्याने सेल टाकला, तो तेव्हा घरी स्वस्थ बसलेला असतो. होरपळतो तो सफाई कामगार. म्हणून अशा सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात द्यावा. वापरलेल्या बॅटऱ्यांची योग्य विल्हेवाट लागावी, यासाठी भारत सरकारने २०२२ साली नियमही केले आहेत.

पुन्हा त्या पुलाकडे वळू. मुलाने दिवा थोडा खाली झुकवला असता व गवळ्याने एक लहानसा दिवा लावला असता, तर दोघांनी एकमेकांना दुरूनच ओळखले असते. एकाने थांबून दुसऱ्याला वाट दिली असती, आणि दूध व वृत्तपत्रे दोन्ही वेळेवर घरोघर पोहोचली असती. दिवा घेतला जातो स्वतःसाठी. परंतु तो लावताना, चार्ज करताना आणि टाकून देतानाही दुसऱ्याची आठवण ठेवावी लागते. समोरून येणारा गवळी, घरात निजलेली भावंडे आणि सकाळी दारात येणारा सफाई कामगार या सर्वांची ज्याने काळजी घेतली, त्यालाच दिवा वापरता आला असे म्हणावे.

स्वाध्याय

१. पुलावरील प्रसंगात दोघांचीही चूक होती, असे पाठात का म्हटले आहे?
२. डायनॅमोच्या दिव्यात कोणती उणीव होती? आजच्या दिव्यात ती कशी दूर झाली?
३. कारणे द्या : (अ) टोक बसते म्हणून कोणताही चार्जर वापरू नये. (आ) निकामी सेल घरच्या कचऱ्यात टाकू नये.
४. आपल्या सायकलीचा दिवा भिंतीसमोर धरून पाठात सांगितल्याप्रमाणे तपासा व काय आढळले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अनर्थ टळणे, डोळे दिपणे, मोह सोडणे.