वजन हरपते तेव्हा हृदयपेशींचे काय होते?

पुढे वाचण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करा. दहा मिनिटे स्वस्थ आडवे पडा आणि घड्याळ लावून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग उभे राहा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल. तुम्ही धावला नाहीत, जिने चढला नाहीत. मग नाडी का वाढावी?

उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोटाच्या खालच्या भागात आणि पायांकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे कमी होते. मानेतील रोहिणीत दाबाची नोंद घेणारे मज्जातंतू असतात, ते मेंदूला वर्दी देतात आणि हृदय भरभर चालू लागते. शिवाय मेंदू हृदयाच्या वर सुमारे 30 सेंटिमीटर. तेवढा रक्ताचा स्तंभ पेलायला किती दाब लागेल, हे तुम्हीच काढू शकता. रक्ताची घनता 1.06, पाऱ्याची 13.6, म्हणून 300 मिलिमीटरला 1.06 ने गुणून 13.6 ने भागा. उत्तर येते सुमारे 23 मिलिमीटर पारा. म्हणजे हृदयापाशी 120 असलेला दाब उभ्या माणसाच्या मेंदूपाशी 97 च्या आसपास भरतो. जन्मभर हृदय हे ओझे वाहत असते.

आता हे ओझेच काढून घेतले तर?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून फिरते. तेथे गुरुत्वाकर्षण नसते असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. व्यस्त वर्गाचा नियम लावून पाहा: पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर 6,371 ऐवजी 6,771 किलोमीटर झाले, तरी सुमारे 88 टक्के ओढ शिल्लक राहते. पण स्थानक आणि त्यातील माणसे एकाच वेगाने सतत पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. अंतराळवीरांचे पाय बारीक आणि चेहरे सुजल्यासारखे दिसतात ते यामुळेच. पायांकडे राहणारा द्रव वर सरकतो. स्कॉट केली 2015-16 मध्ये 340 दिवस तेथे राहिला. तो नेमाने व्यायाम करीत असे. तरीही त्याच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या स्नायूचे वस्तुमान चतुर्थांशाहून अधिक घटले. हृदयाचे काम मात्र नीट चालू होते.

येथे एक अवघड प्रश्न निघतो. ओझे कमी झाले म्हणून हृदय रोडावले, की खुद्द पेशीलाच वजनाचा अभाव कळतो? माणसाच्या शरीरात हे वेगळे काढता येत नाही. म्हणून पेशीच वर पाठवायची! परंतु प्रौढ माणसाच्या हृदयातील पेशी बशीत वाढवणे जवळजवळ अशक्य. ही अडचण शिन्या यामानाका यांच्या शोधाने सुटली. 2006 साली त्यांनी उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या त्वचापेशींना मागे नेऊन मूळ पेशींसारखे केले. अशा पेशींपासून धडधडणाऱ्या हृदयपेशी घडवता येतात. बशीत त्या आपोआप आकुंचन पावतात. सूक्ष्मदर्शकातून ते पाहणे मोठे गमतीचे असते.

2016 साली अशा पेशी स्थानकावर सुमारे साडेपाच आठवडे ठेवण्यात आल्या. त्याच वेळी तशाच पेशी जमिनीवरही वाढवल्या होत्या. हे जोडीचे नमुने नसते, तर प्रयोगाला किंमत उरली नसती. तुलनेत हजारो जनुकांच्या कामात फरक आढळला, विशेषतः ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांशी संबंधित जनुकांत. पेशीतील कॅल्शियमची ये-जाही बदलली होती, आणि प्रत्येक ठोका तर त्या ये-जावरच चालतो. खाली आणल्यावर दहा दिवसांत बरेच काही पूर्ववत झाले, सगळे नाही.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी हृदयऊतींचे 48 छोटे नमुने तीस दिवस वर ठेवले. प्रत्येक ऊतक दोन खुंट्यांमध्ये ताणलेले होते. ते आकुंचन पावले की लवचिक खुंटी वाकायची, तिच्यातील इवलासा चुंबक हलायचा आणि त्याची नोंद व्हायची. युक्ती किती साधी! जमिनीवरच्या नमुन्यांच्या मानाने वरच्या ऊतकांचा जोर जवळजवळ निम्मा भरला. ठोके अनियमित झाले. दोन ठोक्यांमधला काळ सुमारे पाचपट लांबला. आकुंचन घडवणारे प्रथिनांचे सांगाडे आखूड आणि विस्कळीत झाले, तर तंतुकणिका सुजल्या. पृथ्वीवर परतल्यावर ठोक्यांची लय जवळपास मूळपदावर आली.

या बशीत ना पाय होते, ना मेंदू, ना वर चढवायचे रक्त. तरी पेशी बिघडल्या. अर्थात स्थानकावर किरणोत्सारही जमिनीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे सगळा दोष वजनरहित अवस्थेच्या माथी मारणे घाईचे होईल. वरच फिरत्या यंत्रात कृत्रिम वजन देऊन ठेवलेले नमुने असतील, तर हा हिशेब अधिक नेमका मांडता येतो.

मंगळापर्यंत पोचायलाच सहा ते नऊ महिने लागतात, आणि वाटेत डॉक्टर भेटत नाही. म्हणून 2023 साली ऊतकांची आणखी एक तुकडी स्थानकावर गेली. या वेळी तिच्यावर औषधांची परीक्षा होती: वजन नसतानाही पेशींचा जोर टिकवील असे औषध सापडते काय, हे पाहण्यासाठी.