वेग थोडा, खर्च फार

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सायकल शर्यतीचा पंच म्हणून मी काही वर्षे जात होतो. पहिल्या वर्षी तीस-एक मुलेमुली उतरली. एकाजवळ गिअरची हलकी सायकल होती, बाकीच्यांजवळ वडिलांच्या जुन्या सायकली. निकाल सांगायला नकोच. दुसऱ्या वर्षीही तोच पहिला आला. तिसऱ्या वर्षी सातच नावे आली. "सर, पहिला नंबर ठरलेलाच असतो, मग उगाच कशाला दमायचं?" एका मुलीने मला विचारले. मुलींना सरकारी योजनेतून मिळालेल्या एकसारख्या सायकली शाळेत होत्याच. गुरुजींनी ठरवले, सर्वांनी त्याच चालवायच्या आणि कोणती कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. त्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी दुसरी आली आणि गिअरवाला पाचवा!

जगातल्या सर्वांत महागड्या मोटार शर्यतींपुढेही हाच पेच आहे. तिथे पैसा इतका का लागतो, याचे उत्तर मात्र भौतिकशास्त्रात सापडते.

समोरून वारा असताना जिंतूर रस्त्याने सायकल चालवून पाहिली आहे का? हवा अडवते म्हणजे काय, ते पायांना लगेच कळते. समजा, मोटारीचा वेग दुप्पट केला. आता दर सेकंदाला तिला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, आणि ती हवा दुप्पट वेगाने ढकलावी लागते. म्हणजे विरोधाचे बल चौपट झाले. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून इंजिनाला लागणारी शक्ती झाली आठपट. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते ती अशी. ताशी ३०० किलोमीटरवरून ३१० वर जायचे, तर हवेवर मात करण्यासाठीच सुमारे १० टक्के जास्त शक्ती हवी. आधीच पिळून काढलेल्या इंजिनातून ती आणायची कोठून? मग गाडीचा आकार घासूनपुसून हवेचा विरोध कमी करायचा. त्यासाठी वाऱ्याचे बोगदे, मोठे संगणक आणि शेकडो अभियंते लागतात. ज्याची तिजोरी मोठी, त्याची गाडी पुढे.

फॉर्म्युला वन या शर्यतीत २०१४ साली काय झाले पाहा. १९ शर्यतींपैकी १६ एकट्या मर्सिडीज संघाने जिंकल्या आणि वर्षभरात विजेते चालक झाले अवघे तीन. पुढे २०२१ साली प्रत्येक संघाच्या वर्षाच्या खर्चाला १४.५ कोटी डॉलरची मर्यादा घालण्यात आली. चालकांचे पगार मात्र तिच्यातून वगळले! मला त्याहून आवडलेला नियम वेगळाच आहे. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या करण्याचा वेळ उलट्या क्रमाने वाटतात. २०२२ पासून ठरावीक वेळेच्या ७० टक्केच वेळ पहिल्या क्रमांकाच्या संघाला मिळू लागला, तर दहाव्याला ११५ टक्के. वर्गात मागे पडलेल्याला गुरुजींनी जास्त वेळ द्यावा, तसेच हे.

आता त्याच २०१४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या शर्यतीकडे वळू. तिचे नाव फॉर्म्युला ई. तिच्या गाड्या विजेवर चालतात. पहिल्या दहा संघांत मुंबईच्या महिंद्र उद्योगाचा संघ होता. पहिल्या हंगामात सर्व संघांना अगदी एकसारखी गाडी देण्यात आली. बॅटरीत वीज किती? २८ किलोवॅट-तास, म्हणजे तुमच्या घरच्या मीटरवरची २८ युनिटे. तेवढ्यात शर्यत पुरी होत नसे, म्हणून चालक मध्येच उतरून दुसऱ्या भरलेल्या गाडीत बसत. त्या हंगामातल्या ११ शर्यतींत ७ वेगवेगळे विजेते झाले आणि अजिंक्यपद ठरले एका गुणाने!

पण सगळेच सारखे असेल, तर नवे शोधायचे कोणी? माझ्यातला भौतिकशास्त्राचा शिक्षक इथे कुरकुरतो. आयोजकांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या हंगामापासून सांगाडा आणि बॅटरी सर्वांची एकच ठेवली. मोटर व ती चालवणारी यंत्रणा मात्र आपली बनवण्याची मुभा दिली. हा मार्ग मला पटतो, कारण त्यामुळे स्पर्धा वाऱ्याच्या बोगद्यातून निघून विजेच्या बचतीकडे वळली. ब्रेक लावताना मोटर उलटी जनित्रासारखी वापरून वीज परत बॅटरीत भरायची, ती कोण जास्त भरतो? हे तंत्र रस्त्यावरच्या विजेच्या गाड्यांतही आहे. महिंद्र संघाला पहिला विजय मिळाला तो जून २०१७ मध्ये, बर्लिनला.

आपल्या परभणीहून रेल्वेने रातोरात पोचता येते त्या हैदराबादेत, हुसेनसागर तलावाकाठच्या रस्त्यांवर, ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ही शर्यत झाली. २०२४ ची ठरलेली शर्यत मात्र रद्द झाली.

आता एक प्रयोग. वर्तमानपत्राच्या कागदाच्या २० सेंटिमीटर व्यासाच्या चौदा चकत्या कापा. प्रत्येकीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देऊन, कडा थोड्या एकमेकींवर चिकटवून पसरट शंकू करा. एक शंकू टोक खाली करून १ मीटर उंचीवरून आणि एकात एक बसवलेले चार शंकू २ मीटर उंचीवरून एकाच क्षणी सोडा. पंखा बंद ठेवा! दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीवर टेकतील. वजन चौपट, पण पडण्याचा वेग फक्त दुप्पट. उरलेले नऊ शंकू एकात एक बसवले, तर ते एका शंकूबरोबर जमिनीवर टेकण्यासाठी किती उंचीवरून सोडावे लागतील? आधी वहीत उत्तर मांडा, मगच स्टुलावर चढा.