तोंड उघडायला सांग, पोरी

पोरी, आशाचं काम हाती घेतलंस. आता घरोघरी फिरशील. ताप, मलेरिया, सिकलसेल, बाळंतपण, सगळं विचारशील. हिरड्यांचं मात्र कुणी आपणहून सांगणार नाही, कारण बहुतेकदा त्या दुखतच नाहीत. तेव्हा "दुखत नाही" एवढं ऐकून उठू नकोस. बॅटरी लाव आणि तोंड उघडायला सांग.

आधी चांगली हिरडी ओळखायला शीक. ती दाताला घट्ट धरून असते आणि घासताना तिच्यातून रक्त येत नाही. आपल्याकडच्या सावळ्या माणसांची हिरडी काळसर असते, तो रोग नव्हे. फार पांढुरकी दिसली तर मात्र अंगात रक्त कमी आहे का ते तपासून घे.

कडा लाल, फुगीर आणि घासताना रक्त, ही हिरडीच्या रोगाची पहिली पायरी. दाताच्या मुळाशी साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते, हाड शाबूत असतं. म्हणून ती पूर्ण बरी होते. लोक रक्त बघून घासणंच सोडतात आणि सूज वाढते. रक्त येतं तिथंच मऊ ब्रश हलक्या हाताने, सकाळी आणि रात्री फिरवायला सांग. दोन आठवड्यांतही थांबलं नाही तर दाताच्या डॉक्टरकडे पाठव.

दात लांब दिसू लागले, मधे फटी पडल्या, दाबल्यावर पू आला, दात हलले, तर तो पायरिया. नाल्याकाठच्या झाडाखालची माती वाहून जावी तसं दाताखालचं हाड झिजतं. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं. अशा माणसाची साखर तपासून घे. मधुमेहात पायरिया झपाट्याने वाढतो. आणि विशीच्या आतल्या पोरापोरींच्या पहिल्या दाढा नि समोरचे दातच हलत असतील, वर फारशी घाणही नसेल, तर थांबू नकोस. त्या वयातला रोग फार वेगाने हाड खातो.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं खरं दुखणं ऐक. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा गावोगाव चालूच आहे. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं आणि वर बरेचदा रक्ताचा थेंबही दिसत नाही. खर्रा खाणारा म्हणेल, "माझ्या हिरड्या पक्क्या आहेत." त्याचं तोंड सगळ्यांत आधी बघ. तो खर्रा धरतो त्या गालाचा आतला भाग बघ, तिथली हिरडी किती उतरली ते बघ. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच पाठव. खर्रा सोडायचा असेल तर २०१६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती उपक्रमाची माहिती दे.

गरोदर बाईच्या हिरड्या सुजतात, कधी दातांमधे लाल गाठ येते. तिला धीर दे. बाळंतपणानंतर ही गाठ बहुधा ओसरते. पण घासणं बंद नको, आणि गरोदरपणातही दात साफ करून घेता येतात. फिटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरडी दातांवर चढते. गोळी मनाने बंद करू देऊ नकोस, डॉक्टरला दाखव.

काही खुणा दिसल्या की त्याच दिवशी गाडी बोलाव. दातांमधली हिरडी कुरतडल्यासारखी, वर करडा थर, असह्य वेदना आणि दुर्गंधी; कुपोषित लेकराला गोवर-तापानंतर हिरडीवर जखम आणि गालावर सूज; हिरड्या फुगून रक्त, सोबत ताप, फिकटपणा आणि अंगावर निळे डाग. यात शेवटचं रक्ताच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं.

"दात साफ केले की हलतात" असं लोक म्हणतील. त्यांना समजावून सांग: दातावर घट्ट जमलेल्या थराच्या, म्हणजे कीटणाच्या, आधाराने टिकलेला दात आधीच सैल झालेला असतो. कडुनिंबाची काडी चालेल, टोक चावून मऊ केलेली. कोळसा, राख आणि तंबाखूचा गुडाखू मात्र नको. ग्रामीण रुग्णालयात भागलं नाही तर जिल्हा रुग्णालय, तिथून पुढे नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. चिठ्ठीवर काय दिसलं ते लिहून दे, आणि पुढच्या फेरीला त्या घरी "गेला होतास का?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.