विषय आधी, कॅमेरा नंतर

दिग्दर्शक व्हायचं म्हणजे आधी फिल्म इन्स्टिट्यूट, मग कोणाची तरी असिस्टंटगिरी, असं मला वाटायचं. सुमित्रा भावे (१९४३-२०२१) यांनी यातलं काहीच केलं नाही. पुण्यात त्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या. झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन चालू होतं. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाच ते वाचता येत नाही! म्हणून १९८५ साली त्यांनी 'बाई' हा लघुपट काढला. पहिल्याच फटक्यात राष्ट्रीय पुरस्कार. तेव्हा वय बेचाळीस. (आणि आपण एका केटीवरून करिअर संपलं म्हणून रडतो.)

पुढे सुनील सुकथनकर यांच्या जोडीने 'दोघी', 'वास्तुपुरुष' वगैरे आले. पटकथा मात्र भावे यांची. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'त डिमेन्शिया. एरवी सिनेमात असे पेशंट हसवायला नाहीतर घाबरवायला असतात. इथे त्यांच्या घरच्यांची ओढाताणही दिसते.

'कासव' (२०१६) तर होस्टेलवाल्यांनी बघायलाच हवा. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक मुलगा जानकीला भेटतो. ती स्वतः डिप्रेशनमधून गेलेली. ती त्याला कोकणात घेऊन जाते, जिथे किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम चालतं. आपल्या विंगमध्ये कोणी दार लावून बसलं की आपण एकतर चेष्टा करतो नाहीतर लेक्चर देतो. जानकी दोन्ही करत नाही.

२०१७ साली त्याला सुवर्णकमळ मिळालं. आमच्या रूमवर पाच जणांनी तो बघितला. संपल्यावर मेसला जायला कोणी उठेना.