सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळिंबी



सोयाबीनची मळणी उरकली की आपल्या नांदेड-लातूर भागात बांधावर काडाचे ढीग पडतात. थोडे जनावरांपुढे जाते, बाकीचे पेटवले जाते. पाचटाबद्दल दरवर्षी सांगतो तेच येथे सांगतो : काडी लावू नका. या काडावर धिंगरी अळिंबी चांगली येते.

हंगाम : धिंगरीला २० ते २८ अंश तापमान व हवेत ८० टक्क्यांवर ओलावा लागतो. म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य.

कृती : काडाचे दोन-तीन इंची तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत. नंतर ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळावेत. येथे आळस नको. पहिल्या वर्षी मी पाणी नुसते कोमट केले. दहापैकी सात पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. थंड झालेले काड प्लॅस्टिक पिशवीत थर देऊन भरावे व प्रत्येक थरावर बियाणे पसरावे. बियाणे ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के. पिशवीला छिद्रे पाडून ती अंधाऱ्या खोलीत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत काड पांढरे होते. मग पिशवी काढून रोज पाणी फवारावे व खोलीत उजेड, वारा खेळू द्यावा. आठवड्या-दीड आठवड्याच्या अंतराने तीन तोडे मिळतात. तोडणीच्या वेळी तोंडाला फडके बांधावे. बीजाणूंनी खोकला-दमा होतो. उरलेले काड खताच्या खड्ड्यात टाकावे.

गुणधर्म : "अळिंबीत ३० टक्के प्रथिने" असे विकणारे सांगतात. तो आकडा वाळलेल्या अळिंबीचा. ताज्या अळिंबीत ९० टक्के पाणी. १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे ३ ग्रॅम. तुरीच्या डाळीत ती २२ ग्रॅम असतात. म्हणजे अळिंबी डाळीच्या जागी नव्हे, डाळीच्या जोडीला. चरबी नाममात्र, तंतू भरपूर, ब जीवनसत्त्वेही आहेत. चकत्या उन्हात वाळवल्या तर ड जीवनसत्त्व वाढते. मधुमेही माणसाला भाजी म्हणून चालते, पण तिच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्या मात्र खाऊ नयेत. त्यांत विषारी जाती असतात.

शेवटी एकच. ताजा माल दोन-तीन दिवसांत खराब होतो. गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय कर्ज काढून शेड उभारू नका. यंदा दहा पिशव्या करा, घरात खा, शेजारी द्या. खात्रीच्या बियाण्यासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पाकडे चौकशी करावी.

— ऊस विकास अधिकारी