ताप उतरला? आता खरी राखण करा

सप्टेंबर-ऑक्टोबरात दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, ताप तं उतरला, आता काहून भरती करता?" डॉक्टर बिल वाढवतोय, असा संशय त्यामागे असतो. तसे डॉक्टर आहेतही, नाही म्हणत नाही. पण डेंग्यूचा हिशेब उलटा आहे. इतर बहुतेक तापांत अंग गार पडलं की सुटलो. डेंग्यूत मात्र तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमकी तेव्हाच धोक्याची वेळ सुरू होते.

मोर्शीजवळच्या एका गावची तिशीतली बाई. चार दिवस तापली, पाचव्या दिवशी अंग गार. संत्र्याची तोड चालू होती, डबा बांधून बगीच्यात गेली. दुपारी पोटात कळा, उलट्यांवर उलट्या, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. माझ्याकडे आणली तेव्हा तळहात थंडगार आणि ओलसर, सकाळपासून लघवी नाही, बीपी ९२/७६. दिराचा पहिला प्रश्न, "पेशी किती हायेत?" ऐंशी हजार. "मंग तं ठीक हाये."

काहीही ठीक नव्हतं. बीपीच्या दोन आकड्यांतलं अंतर वीसच्या आत आलं की शॉक दाराशी आलेला असतो, मग पेशी ऐंशी हजार असोत की दीड लाख. मोजून-मापून सलाईन दिलं, तासातासाला नाडी आणि लघवी बघितली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून भाकर मागू लागली.

पेशींचं, म्हणजे प्लेटलेट्सचं, हे वेड मला कुणाच्या डोक्यातून काढता आलेलं नाही. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा नुसत्या पेशी कमी झाल्यानं नव्हे. ठिबकची नळी जागोजागी पाझरावी तशा बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तातलं पाणी पोटात नि छातीत उतरतं, उरलेलं रक्त घट्ट होतं आणि मेंदू-किडनीपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून आम्ही पेशींसोबत, रक्त किती घट्ट झालं ते सांगणारा हिमॅटोक्रिट बघतो. तो चढू लागला की गळती सुरू झाली समजायचं. ही गळती २४ ते ४८ तास चालते. तेवढा वेळ निभावला की शरीर आपलं आपण सावरतं. रक्तस्राव होत नसेल तर पेशी दहा हजारांवर असेपर्यंत त्या बाहेरून चढवाव्या लागत नाहीत. तरी नातेवाईक पिशवीसाठी अमरावती पालथी घालतात.

पपईच्या पानांचा रस, कीवी, बकरीचं दूध... मोबाइलवर रोज नवा वैद्य. पानांच्या रसानं आकडा थोडा लवकर वाढतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण त्यानं गळती थांबत नाही. त्या कडू रसानं उलट्या वाढल्या की अंगातलं होतं नव्हतं पाणीही जातं. त्याहून राग येतो तो गावोगावच्या बोगस डॉक्टरांचा. कमरेत डायक्लोफेनॅक, जोडीला स्टेरॉइड, वर दोन बाटल्या सलाईन! ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढतो. आणि ओघळलेलं पाणी परत रक्तात येऊ लागल्यावरही सलाईन चालूच ठेवलं तर छाती पाण्यानं भरते. डेंग्यूच्या तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून.

घाबरून जाऊ नका. बहुतेकांचा डेंग्यू घरीच बरा होतो. ओआरएस, ताक, पेज, वरणाचं पाणी घ्या, आराम करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा. एनएस-वन तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांतच कामाची. नंतर ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं धरू नका.

पण न थांबणारं पोटदुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, थंड हातपाय, धाप, सहा तास लघवी नाही, पोर एकदम सुस्त किंवा उगाच चिडचिडं... यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस, मधुमेही यांना आधीच दाखवा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकारानं गाठलं तर दुखणं जास्त बिघडू शकतं, म्हणून "मले मागं होऊन गेला" यात निर्धास्त होण्यासारखं काही नाही. पैसाअडकाही वाचवतोच असं नाही. सिनेदिग्दर्शक यश चोप्रा २१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत डेंग्यूनंच गेले.

डासाबद्दल एवढंच : तो दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळा सरल्यावरही खिडकीत तसाच भरलेला कूलर, उघडा ड्रम, रांजण. आठवड्यातून एकदा रिकामे करून कडा घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर १०८ बोलवा. माणूस शुद्धीवर असेल तर वाटेत घोट घोट ओआरएस द्या. पहिल्या दिवसापासूनचे रक्ताचे सगळे रिपोर्ट सोबत ठेवा आणि ताप कोणत्या दिवशी चढला, कधी उतरला, शेवटची लघवी केव्हा झाली, ते एका कागदावर लिहून तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या.